ह्या पायाले गरम, ह्या पायाले काईच नाई

(प्रभागसंघाच्या फेब्रुवारी महिन्याच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या अनेकींनी मागितले, म्हणून इथे छापत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे "सहलीचा अनुभव" असं लिहिलेलं आहे. तुम्हाला वाटलं असेल, आता ही पोरगी फोटो दाखवणार आणि किती मजा केली ते सांगणार. मजा केलीच. ती पण सांगते. पण त्या सहलीत एक गोष्ट घडली, आणि ती सांगायला मला एक वर्ष थांबावं लागलं. ज्या काकूंची ती गोष्ट आहे, त्यांनी मागच्या आठवड्यात मला परवानगी दिली. म्हणाल्या, "नाव नको सांगू. पण गोष्ट सांग. शिवरात्रीच्या आधी सांग." म्हणून नाव सांगणार नाही. तुम्ही पण अंदाज लावू नका, आणि सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारू नका. आपल्यातल्याच एक, एवढं पुरे आहे.

मागच्या वर्षी संक्रांत झाल्यावर एका गटानं ठरवलं, की ह्या वेळी हळदीकुंकवाच्या वाणावर पैसे घालायचे नाहीत. प्लास्टिकचे डबे अन् गाळण्या घरात ढीगभर पडल्या आहेत. त्यापेक्षा सगळ्याजणी मिळून कुठंतरी जाऊ. कुठं जायचं, यावर दोन बैठका गेल्या. शेगाव झालेलं होतं. चिखलदऱ्याला गाडीभाडं जास्त. मग एक मावशी म्हणाल्या, "सालबर्डीले चाला. तथी जमिनीतून गरम पाणी निघते म्हनतात. चूल पेटवा लागत नाई, इंधन आना लागत नाई." सगळ्या हसल्या, आणि सालबर्डी पक्कं झालं.

घरून परवानगी मिळवणं हे काम सहलीपेक्षा मोठं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. "गरम पान्यासाठी इतक्या दूर? घरी काय थंड पान्यानं आंघोळ करता का?" असं एकीच्या सासूनं विचारलं. एक काकू मला म्हणाल्या, "लग्न, मयत अन् दवाखाना, ह्या तिनाशिवाय मी कधी गावाबाहेर गेलीच नाई व पोरी." त्यांचं वय पंचावन्न. हे ऐकल्यावर मी ठरवलं, की ही सहल काहीही करून न्यायचीच.

रविवारी पहाटे दोन क्रुझर केल्या. बावीस बाया, तीन लेकरं आणि मी. भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा, दोन डब्यांत वांग्याची भाजी. अंजनगाव, परतवाडा, चांदूर बाजार, मोर्शी असा रस्ता. आपल्याकडे नजर जाईल तिथपर्यंत सपाट काळी जमीन, पऱ्हाटी आणि तुरी. मोर्शीकडे गेलं की संत्र्याचे बगीचे लागतात आणि समोर सातपुडा उभा राहतो. आपल्या बाया खिडकीतून एकसारख्या पाहत होत्या. एक म्हणाली, "डोंगर एवढा जवळून मी पह्यल्यांदाच पाह्यला."

सालबर्डी हे गाव अगदी आपल्या राज्याच्या टोकाला आहे. मोर्शी तालुक्यातलं. पलीकडे मध्य प्रदेश सुरू होतो. डोंगरात महादेवाची गुहा आहे, तिथं महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, तुमच्यापैकी कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. लव-कुशाचा जन्म इकडचाच, अशी लोकांची श्रद्धा आहे. गाडीत एका आजीनं सीतामाईची सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, "बाळंतिणीले गरम पानी लागते ना व, म्हनून देवानं जमिनीतूनच काढून देल्लं." मला ती गोष्ट फार आवडली. बाळंतिणीला गरम पाणी मिळालं पाहिजे, एवढी काळजी तरी त्या गोष्टीत आहे.

आता त्या पाण्याबद्दल सांगते. शहरातल्या पोहायच्या तलावासारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. साधं कुंड. शिडी नाही, कपडे बदलायला खोली नाही. दगड, पाणी आणि वर आभाळ. जानेवारीची थंडी होती. पहिल्या मावशीनं भीत भीत बोट बुडवलं आणि ओरडली, "खरंच गरम हाये व माय!" आंघोळीला काढतो तेवढं गरम. मग काय विचारता. कोणी लुगड्यासकट बसली, कोणी पाय सोडून बसली. चौघीजणींनी एक साडी आडवी धरली आणि तिच्यामागे पाळीपाळीनं कपडे बदलले. ज्या काकू पंचावन्न वर्षांत गावाबाहेर गेल्या नव्हत्या, त्या डोळे मिटून नुसत्या बसून राहिल्या. अर्धा तास. कोणी त्यांना "चहा ठेव" म्हटलं नाही, कोणी हाक मारली नाही. कापूस वेचून वेचून कंबर गेलेली बाई. गरम पाण्यात बसल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं, त्यासाठीच गाडीभाडं वसूल झालं असं मी म्हणेन.

लेकरांनी विचारलं, "ताई, खाली चूल हाये का?" तर चूल नाही, पण आच आहे. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते. साधारण एक किलोमीटर खोल गेलं की २५ ते ३० अंशांनी. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल उतरतं, तिथं तापतं, आणि दुसरी भेग सापडली की वर येतं. आपल्या गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्यानं जमिनीत अशी मोठी जुनी भेग गेलेली आहे, सालबर्डी त्याच भागात येतं. असे झरे आपल्या देशात ३०० हून जास्त ठिकाणी आहेत. आपल्या राज्यात ठाण्याकडे वज्रेश्वरी, नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर, जळगावकडे उनपदेव, आणि कोकणात तर अशा झऱ्यांची रांगच आहे. पार वर लडाखमध्ये, जिथं झाड दिसत नाही अशा थंड वाळवंटात, पनामिक आणि चुमाथांगला असंच गरम पाणी निघतं, आणि तिथले लोकही दुखरे गुडघे घेऊन त्यात बसतात. माणूस सगळीकडे सारखाच.

एक मावशी म्हणाल्या, "त्याइले गरम पानी अन् आपल्याले खारं. देवानं वाटनी बरी केली!" आपल्या खारपाणपट्ट्यातल्या बाईलाच असं सुचू शकतं. शहानूरच्या नळाची वाट पाहणाऱ्या बाईला जमिनीतून फुकट निघणाऱ्या पाण्याची किंमत बरोबर कळते.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले, ती सांगते.

कुंडाच्या काठावर माझ्या शेजारी एक काकू पाय सोडून बसल्या होत्या. चाळिशीच्या. कामाला वाघीण, बैठकीत कमी बोलणाऱ्या. थोड्या वेळानं मला हळूच म्हणाल्या, "काव पोरी, इथी थंड पान्याचा झरा बी हाये का?"

मी म्हटलं, "कुठं?"

तर म्हणाल्या, "ह्या पायाले गरम लागते, अन् ह्या पायाले काईच नाई. मले वाटलं इकून थंड पानी येत असन."

सालबर्डीला गरम आणि थंड दोन्ही पाणी आहे असं लोक सांगतात, म्हणून त्यांना तसं वाटलं. मी हसत हसत त्यांच्या त्या पायाजवळ हात बुडवला. पाणी गरम होतं. दुसऱ्या पायाजवळ बुडवला. तेवढंच गरम. मग मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं होतं. पोटरीवर तळहाताएवढा फिकट, थोडा लालसर चट्टा होता. पायाच्या अंगठ्याला जुनी जखम.

मी समाजकार्याची पदवी घेतलेली आहे. हा चट्टा काय असू शकतो, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं, तक्त्यावर चित्र होतं. त्याहून वाईट गोष्ट सांगते. त्याच्या चार महिने आधी विम्याचा फॉर्म भरताना ह्याच काकूंच्या हातावर मी तसाच एक चट्टा पाहिला होता. मला शंका आली होती. पण विचारायला लाज वाटली. "गजकर्ण असेल" असं मनाशी म्हणून मी फॉर्म पुढं सरकवला. चार महिने मी गप्प राहिले. जे मी बोलले नाही, ते त्या पाण्यानं बोलून दाखवलं.

तिथं सगळ्यांसमोर मी काही बोलले नाही. फक्त विचारलं, "काकू, हा चट्टा कधीपासून?" म्हणाल्या, "झाले तीन वर्षं. दुखत नाई, खाजत नाई. ह्याच्यासाठी उनकेश्वरले बी जाऊन आलो आमी. तीन दिवस राह्यलो. आंघोळी केल्या. फरक नाई पडला, मनून मंग जडीबुटी केली." पैसे कुठून आणले? आपल्या गटातून. पाच हजार रुपये, शेकडा दोननं. कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलं होतं "घरखर्च". तो अर्ज मीच तपासला होता.

परत येताना गाडीत त्या माझ्या शेजारी होत्या. मोर्शीला घेतलेली संत्री सोलून त्या सगळ्यांना फोडी देत होत्या. मलाही दिल्या. आणि बायांनो, खरं सांगते, माझा हात एक क्षण थांबला. शिकलेली मी. दुसऱ्यांना शिकवणारी मी. मग मी घेतलं आणि खाल्लं. त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. एकटीच. अंगणात कोणी नाही असं पाहून सांगितलं, "काकू, मला खात्री नाही, पण हा कुष्ठरोग असू शकतो. तपासून घेऊ. निघाला तरी औषधानं पूर्ण बरा होतो." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "महारोग? मी काय पाप केलं व?" आणि लगेच पुढचं वाक्य, "पोरीचं लग्न कराचं हाये माह्या." स्वतःच्या पायाचं एक शब्दानं नाही. आधी पोरीचं लग्न.

दोन आठवडे त्या यायला तयार नव्हत्या. आशा ताई आणि मी तीनदा गेलो. शेवटी त्यांच्या नवऱ्यानंच सांगितलं, "जाऊन ये. उनकेश्वरले मी नेलं होतं, आता ह्या नेतील." प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बारीक बोळा अंगाला लावत गेले, "लागला की बोटानं दाखवा." चांगल्या कातडीवर काकू बरोबर बोट ठेवत होत्या. चट्ट्यावर कापूस फिरला तेव्हा हात हललाच नाही. डोळे उघडल्यावर त्यांना कळलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सारी जिंदगी कापूस येचला, अन् कापूस अंगाले लागला तं समजला नाई."

पाठीवर आणखी चट्टे निघाले. ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. स्वतःची पाठ कोणाला दिसते? सगळे मिळून पाचापेक्षा जास्त. म्हणून औषध बारा महिन्यांचं. महिन्याचं एक पाकीट. पहिली गोळी तिथंच डॉक्टरांसमोर. सगळं फुकट.

आता मी तुम्हाला ह्या आजाराबद्दल सरळ सरळ सांगते, म्हणजे घरी जाऊन सांगायला सोपं जाईल.

हा आजार पापानं होत नाही, देवीच्या कोपानं होत नाही, आईबापाकडून रक्तातून येत नाही. एका जंतूनं होतो. हा जंतू १८७३ साली नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरनं शोधला. म्हणजे दीडशे वर्षं झाली, आणि आपण अजून पाप शोधतो आहोत. हा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून चट्टा दिसायला वर्षानुवर्षं लागतात. औषध न घेतलेल्या माणसाच्या श्वासातून, शिंकेतून, खूप दिवस जवळ राहिल्यानं तो पसरू शकतो. पण बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद असतेच. शेजारी बसल्यानं, हातचं संत्रं खाल्ल्यानं होत नाही. आणि औषध सुरू झालं की लवकरच त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण व्हायचं थांबतं.

खूण काय? फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला स्पर्श समजत नाही, गरम-थंड समजत नाही. गरम-थंड कळणं तर बहुतेक वेळा सगळ्यात आधी जातं. काकूंना पाण्यात जे झालं ते म्हणूनच. हा चट्टा दुखत नाही आणि खाजत नाही, आणि तोच त्याचा कपटीपणा आहे. दुखलं असतं तर बाईनं नाही तर निदान घरच्यांनी तरी दवाखाना दाखवला असता. आणि एक नीट ध्यानात ठेवा. दुधासारखे पांढरे डाग, ज्याला आपण कोड म्हणतो, त्याला स्पर्श समजतो. कोड म्हणजे कुष्ठरोग नाही. उगाच कोणाच्या पोरीला घाबरवू नका.

तुम्ही म्हणाल, मग गरम झऱ्याचा गुण येतो म्हणतात ते सगळं खोटं का? सगळं खोटं नाही. गरम पाण्यानं आखडलेलं अंग मोकळं होतं, हे आपण बावीसजणींनी अनुभवलं. काही झऱ्यांच्या पाण्यात गंधक असतं, आणि गंधक खरजेवर जुन्या काळापासून वापरतात. म्हणजे एखाद्याची खाज तिथं कमी झालीही असेल, आणि तो गावात येऊन सांगतो की चामडीचे रोग बरे होतात. पण कुष्ठरोगाचा जंतू कातडीच्या आत, शिरेत, म्हणजे जिच्यानं आपल्याला स्पर्श कळतो त्या नसेत जाऊन बसतो. तिथपर्यंत आंघोळीचं पाणी पोहोचत नाही. गोळी पोहोचते. उनकेश्वरला श्रद्धेनं जा, सालबर्डीला जा, पण गोळी घेऊन जा.

आपल्या अमरावतीला तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे दाजीसाहेब, यांनी १९४६ साली ते काम उभं केलं. तिकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन सुरू केलं. त्या काळी घराबाहेर काढलेल्या माणसांना राहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी जागा दिली. पुढं १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सांगितली, आणि आजार औषधानं पूर्ण बरा व्हायला लागला. २००५ साली आपल्या देशात हा आजार दर दहा हजारांत एकापेक्षा कमी झाला असं जाहीर झालं. तेव्हापासून लोकांना वाटतं की महारोग संपला. संपलेला नाही. जगातले निम्म्याहून जास्त नवे रोगी आजही आपल्याच देशात सापडतात. आणि एक गोष्ट बायांनी खास लक्षात ठेवावी. पूर्वी नवराबायकोपैकी एकाला हा आजार झाला तर त्या कारणावर घटस्फोट मागता येत होता. २०१९ साली कायदा बदलला आणि ते कारण काढून टाकलं. कोणी धमकी दिली तर हे सांगा.

काकूंचं वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. गोळीनं लघवी लालसर झाली, त्या घाबरल्या. ते त्या औषधाचं असतं, काही होत नाही. अंग थोडं काळपट पडलं, शेजारीण विचारायला लागली. ते पण औषध थांबल्यावर हळूहळू निवळतं. मध्ये एकदा "बरं वाटते" म्हणून गोळ्या सोडायला निघाल्या होत्या, आशा ताई त्यांच्यावर ओरडल्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. कोणाला काही नाही. त्यांना आजार होऊ नये म्हणून एकदाच घ्यायचा डोस दिला. पोरीला पण दिला.

पण तीन वर्षं उशीर झाला, त्याची किंमत राहिली. पायाची संवेदना पूर्ण परत आलेली नाही. पऱ्हाटीचं खुट पायात घुसलं तरी कळत नाही. म्हणून आता त्या शेतात बिनचपलेच्या जात नाहीत, सरकारी दवाखान्यातून मऊ रबराची चप्पल मिळाली आहे. रोज रात्री पाय धुऊन दिव्याजवळ तळपाय पाहतात. आंघोळीचं पाणी चांगल्या हातानं पाहिल्याशिवाय अंगावर घेत नाहीत. तीन वर्षं आधी आल्या असत्या तर कदाचित एवढं सांभाळावं लागलं नसतं. चार महिने आधी मी बोलले असते तरी चार महिने वाचले असते.

गेल्या महिन्यात शेवटचं पाकीट संपलं. मी घरी गेले होते. त्यांनी चहा दिला, आणि बशीत संत्र्याच्या फोडी ठेवल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी गाडीत संत्रं घेताना तुहा हात थांबला होता. मले दिसलं होतं." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग म्हणाल्या, "पन तू खाल्लं. मनून मी दवाखान्यात आली."

बायांनो, मी तीन मागण्या करते आणि बसते.

पहिली. प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत, बचत गोळा करायच्या आधी, दार लावून दहा मिनिटं एकमेकींची पाठ, हात, पोटऱ्या पाहायच्या. लाजू नका, सालबर्डीला चौघींनी साडी धरली होती तशी धरा. शंकेचा चट्टा दिसला तर आशा ताईला सांगायचं, गावाला नाही. आशा ताई ह्या महिन्यात प्रत्येक गटाला भेट देणार आहेत.

दुसरी. गटात कोणाला हा आजार निघाला, तर तिचं सभासदत्व, तिचं कर्ज, सतरंजीवरची तिची जागा, तिचा चहाचा कप, यातलं काहीही बदलणार नाही. हे आज सभेच्या ठरावात लिहून घ्यावं, अशी अध्यक्ष ताईंना विनंती. आणि आजारपणासाठी कर्ज घ्यायला कोणी आली, तर फुकट औषध कुठं मिळतं हे आधी सांगायचं. काकूंनी ते पाच हजार व्याजासकट फेडले. त्यातला एक रुपयाही लागायला नको होता.

तिसरी मागणी सहलीची. ह्या वर्षीही जा. शिवरात्रीला जा, नाही तर गर्दी ओसरल्यावर जा. कुंडात साबण लावू नका, जुने कपडे आणि पिशव्या तिथं टाकून येऊ नका. पाणी पिऊ नका. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांचे पाय पण बधिर होतात, त्यांनी आधी हात घालून पाहावं, मग पाय. बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर नुसतं काठावर बसा. सासूबाईंनी विचारलं "काय काम तिकडे", तर सांगा, प्रभागसंघाचं काम आहे. खोटं नाही ते.

आणि पाण्यात पाय सोडले, की शेजारचीला एवढं विचारा: दोन्ही पायांले गरम लागते नं व?

नमस्कार.